कॉम्प्युटरचं नवं-जुनं

श्रावणातल्या अंगारकीची गोष्ट. राजूरला अंगारकी म्हणजे आदल्या रात्रीपासून गाव गावकऱ्यांचं राहत नाही. जालन्याकडून आणि भोकरदनकडून पायी येणाऱ्यांची रीघ गणपतीच्या टेकडीकडे लागते. कुणी आमच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकतं, कुणी लेकराला दूध पाजायला बसतं. त्या गडबडीत आतल्या खोलीत माझी नात शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. शेवटचा दिवस होता. उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, गुणपत्रिका, पासबुकाचं पहिलं पान, सगळं एकेक करून चढवून झालं होतं. शेवटच्या कागदाला पडदा थिजला. मधोमध एक चौकट उगवली: मेमरी कमी पडते आहे, काम जतन करा आणि हे प्रोग्राम बंद करा. जतन कुठे आणि कसं करायचं हे कळायच्या आत ब्राउझर मिटला आणि दीड तासाची मेहनत गेली.

"आजोबा, गेलं सगळं," एवढंच ती म्हणाली. अर्ज रात्री साडेअकराला सुनेच्या मोबाईलवरून कसाबसा गेला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा पिशवीत घालून दुकानात नेला. दुकानदार माझाच विद्यार्थी. पोरगा गुणी आहे. त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, याचं आता काही खरं नाही. एक तर फॉरमॅट मारू, नाहीतर सरळ नवा घ्या. तसंही ऑक्टोबरात विंडोज १० संपतंय."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं. पोराचं गणित चुकलं म्हणून 'वही फाड आणि नवी आण' असं कधी म्हणालो नाही. कोणत्या पायरीला चुकलं ते दाखव, एवढंच म्हणायचो. फॉरमॅट म्हणजे वही फाडणं. मी डबा तसाच परत आणला.

मुलगा पुण्यात असतो. संध्याकाळी त्याने फोनवरून सांगितलं, "बाबा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा." टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडली. अकरा वर्षं हे यंत्र घरात आहे, पण त्याच्या पोटात काय चाललंय हे दाखवणारी खिडकी मी पहिल्यांदाच पाहत होतो. मागे मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. पत्र ठळक कसं करायचं, तक्त्यात बेरीज कशी घ्यायची, हे सगळं शिकवलं. यंत्र दमलं की का दमलं हे कुठे बघायचं, ते कुणी शिकवलं नाही.

'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर टिचकी मारली. तिथे 'कमिटेड' या शब्दाखाली दोन आकडे होते: ५.६ आणि ५.८. मुलगा म्हणाला, "पहिला आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रामांनी मिळून घेतलेली उचल. दुसरा म्हणजे जास्तीत जास्त उचल मिळू शकते ती. पहिला दुसऱ्याला टेकला की ती चौकट येते." मी विचारलं, "पण यंत्रात मेमरी तर चार जीबीच आहे. ५.८ आले कुठून?" तो हसला. "उसने."

तिथे मला एकदम माझे वडील आठवले.

आमची कोरडवाहू जमीन होती. गावच्या सोसायटीचं पीककर्ज दर मार्चअखेर फिरवावं लागायचं. जुनं भरायचं आणि नवं उचलायचं. शेतकरी त्याला नवं-जुनं म्हणतात. भरायला हातात पैसा नसायचा, म्हणून दोन-चार दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने आणायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज निघालं की त्यातूनच ते परत करायचे. कागदावर सगळं चोख दिसायचं. पण त्या आठवड्यात वडील शेताकडे फिरकत नसत. सगळा वेळ या दारातून त्या दारात जाण्यात सरायचा.

माझा कॉम्प्युटर तेच करत होता. प्रोग्रामला काम करायला लागते ती रॅम, म्हणजे आपली ओसरी. उजेड तिथे, माणसं तिथे, निवडणं-टिपणंही तिथेच. माळवदाच्या जुन्या घरात आत काळोखात धान्याचं बळद असायचं, तशी कॉम्प्युटरात हार्ड डिस्क असते. ओसरीवर गर्दी झाली की लागत नसलेलं सामान आत सरकवायचं आणि लागलं की बाहेर काढायचं. या सरकवासरकवीसाठी विंडोज डिस्कवर एक लपवलेली फाइल राखून ठेवतं. तिला पेजफाइल म्हणतात. रॅम आणि ही उसनी जागा मिळून प्रोग्रामला सगळी एकच मेमरी वाटते. ती आभासी मेमरी, म्हणजे दुकानात ज्याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात ती. सरकवासरकव पानापानाने होते. एक पान चार किलोबाइटचं, म्हणजे चार जीबीत साडेदहा लाखांच्या आसपास पानं बसतात.

ही युक्ती वाईट नाही, उलट फार हुशारीची आहे. १९६२ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ॲटलस नावाच्या यंत्रात ती आली. त्याची चपळ मेमरी जेमतेम सोळा हजार शब्दांची होती आणि शेजारच्या फिरत्या पिंपावर शहाण्णव हजार शब्द मावत. दोन्हींना एकच मोठी वही समजून लिहिता यावं, कोणतं पान कुठे आहे ही काळजी यंत्राने वाहावी, ही त्यांची कल्पना. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरात आणि मोबाईलमध्ये तिचीच नातवंडं नांदतात. गरजेपुरतं उसनं घेणं हा संसाराचा भागच आहे. घोटाळा होतो तो उसन्यावरच रोजचा संसार चालवायला लागलो की.

कारण उसन्याला वेळेचं व्याज लागतं, आणि ते भयंकर असतं. रॅममधली गोष्ट हाती यायला सेकंदाचा साधारण एक कोट्यांश भाग पुरतो. माझ्या यंत्रातल्या हार्ड डिस्कच्या फिरत्या चकतीवरून तीच आणायला सेकंदाचा शंभरावा भाग. म्हणजे एक लाख पट उशीर. हे शेतीच्या हिशेबात मांडून पाहा. ओसरीवरची वस्तू उचलायला एक मिनिट लागतं असं धरलं, तर बळदातून ती आणायला एकोणसत्तर दिवस लागतात. तेवढ्यात मूग पेरून काढणीला येतो! पीटर डेनिंग या संशोधकाने १९६८ साली या अवस्थेचा कसून अभ्यास केला. सगळा वेळ पानं आत-बाहेर करण्यात जातो आणि मूळ काम जागचं हलत नाही, अशा या अवस्थेला इंग्रजीत थ्रॅशिंग म्हणतात. आपण तिला बिनदिक्कत नवं-जुनं म्हणावं. डब्यावरचा तांबडा दिवा अखंड लुकलुकतो, आतून करकर ऐकू येते, माऊस ढेंगा टाकत चालतो. माझे वडील त्या आठवड्यात असेच चालायचे.

उसनवारी कळली. पण ५.८ वरच का अडली? पायऱ्या तपासल्या तेव्हा दोन चुका हाती लागल्या. 'सिस्टिम'मधून 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज', तिथे 'परफॉर्मन्स'च्या 'सेटिंग्ज', त्यात पुन्हा 'ॲडव्हान्स्ड' आणि शेवटी 'व्हर्च्युअल मेमरी', असा एकात एक दडलेला रस्ता आहे. तिथे 'विंडोजला आपोआप ठरवू द्या' अशा अर्थाच्या चौकोनातली खूण कुणीतरी कधीतरी काढून टाकली होती आणि पेजफाइलची कमाल मर्यादा २०४८ एमबी, म्हणजे दोन जीबी बांधून ठेवली होती. यंत्र पळवण्याचे नुस्खे सांगणारे व्हिडिओ असतात, त्यातलाच हा एक असावा. काहीजण तर पेजफाइल पूर्ण बंदच करा म्हणतात. म्हणजे उधारी वाईट म्हणून ऐन पेरणीत सोसायटीला टाळं लावायचं.

दुसरी चूक आपल्याकडे घरोघरी सापडेल. यंत्र जोडून देणारे डिस्कचे सी, डी, ई असे वाटे घालतात आणि विंडोज राहतं त्या सीला सगळ्यात लहान वाटा देतात. माझा सी साठ जीबीचा होता आणि त्यात दीड जीबीही मोकळे नव्हते. शेजारी डी मात्र अर्धा रिकामा. पेजफाइल सीमध्ये राहते. तिला वाढायचं म्हटलं तरी वाढायला जागा नव्हती.

पुढचं काम नातीने आणि मी मिळून एका रविवारी केलं. 'डाउनलोड्स'मध्ये लग्नांचे व्हिडिओ होते, एकाच सातबाऱ्याच्या अकरा प्रती होत्या. ते सगळं डीवर हलवलं. 'डिस्क क्लीनअप'ने जुन्या अपडेटांचा कचरा काढला. तो चौकोन पुन्हा खुणेने भरला आणि यंत्र बंद करून चालू केलं. उचलीची मर्यादा आठच्या पुढे सरकली. ती चौकट त्यानंतर आली नाही. खर्च शून्य.

मग टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' या शब्दावर टिचकी मारून कोण किती खातंय त्याची उतरती यादी लावली. पहिला ब्राउझर, एकोणीस टॅब उघडे. त्याखाली एक मुदत संपलेला अँटीव्हायरस, विंडोजचा स्वतःचा आतच असताना. मग व्हिडिओ-बैठकीचं एक ॲप. कोरोनाच्या ऑनलाइन शाळेसाठी टाकलेलं, तेव्हापासून रोज सकाळी न बोलावता येऊन बसत होतं. शेवटी एका प्रिंटरचा रखवालदार, आणि तो प्रिंटर दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेलेला. 'स्टार्टअप'मध्ये जाऊन या मंडळींना यंत्रासोबत उठायची मनाई केली, अँटीव्हायरस काढून टाकला. ओसरी मोकळी झाली. नात म्हणाली, "आजोबा, आपल्या घरात एवढे पाहुणे होते?"

तरी खरं ते सांगतो. चौकट गेली, पण संथपणा पुरता गेला नाही. उसन्याची मर्यादा वाढवल्याने उत्पन्न वाढत नाही. पेजफाइल वाढवणं म्हणजे कर्जाची मर्यादा वाढवून घेणं. वेळ निभावते, पण ओढ तशीच राहते. कायमचा उपाय स्वतःची जागा वाढवणं हाच. माझ्या बोर्डावर रॅमची एक खाच अकरा वर्षं रिकामी होती. गणपतीच्या दिवसांत त्याच दुकानातून जुनी काढलेली चार जीबीची पट्टी हजाराच्या आत मिळाली. पट्टी जुन्या डीडीआर३ जातीची हवी होती, कारण दुसऱ्या जातीची त्या खाचेत बसतच नाही. विंडोज चौसष्ट बिटचं आहे ना, तेही आधी पाहून घेतलं. बत्तीस बिटचं असतं तर चार जीबीच्या वरचा पैसा पाण्यात गेला असता. पट्टी बसवताना माझ्या विद्यार्थ्याने खिशातून खोडरबर काढलं आणि जुन्या पट्टीचे सोनेरी दात हलक्या हाताने घासले. "गुरुजी, कार्बन धरतो," तो म्हणाला. आयुष्यभर पोरांना खोडरबर जपून वापरा म्हणालो. त्याचा हा उपयोग मला माहीत नव्हता. दिवाळीत फिरती चकती काढून तिथे न फिरणारी एसएसडी घातली. आता उसनं आणायला एकोणसत्तर दिवस नाही, एका रात्रीएवढा वेळ लागतो. संध्याकाळी निरोप धाडावा आणि सकाळी वस्तू दारात, असं काहीसं.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. पण आधार संपणं म्हणजे यंत्र बंद पडणं नव्हे. सुरक्षेचे नियमित अपडेट थांबतात. तो धोका गंभीर आहे, पण एक वर्षाची वाढीव मुदत देणारी योजना आहे, आणि जुन्या यंत्रावर चालणारं फुकटचं लिनक्सही आहे. मेमरी कमी पडते या दुखण्याशी आधार संपण्याचा संबंध नाही. पोट दुखतं म्हणून गेलेल्या माणसाला 'तसंही वय झालंय' म्हणण्यातलाच तो प्रकार.

दुकानदाराला मी दोष देत नाही. फॉरमॅटचे पैसे मिळतात, नव्या यंत्रात चार पैसे सुटतात. तासभर खाली मान घालून काय बिघडलंय ते पाहण्याचे पैसे कोण देतं? सुई टोचल्याशिवाय डॉक्टरला पैसे द्यायला आपला हात पुढे होत नाही, तसंच हे. तपासणीला मोल देणारं गिऱ्हाईक असेल तर तपासणारा कारागीर टिकेल. पट्टी घ्यायला गेलो तेव्हा मी त्याला पाहण्याचे दोनशे रुपये वेगळे दिले. आधी घेईना. मग घेतले.

माझी खरी तक्रार वेगळीकडे आहे. विंडोज ९५ ला किमान चार एमबी मेमरी लागायची. २०२१ च्या विंडोज ११ ची किमान अट चार जीबी आहे. सव्वीस वर्षांत हजार पट. त्या किमान मेमरीवर आजही काही यंत्रं विकली जातात, आणि घेणाऱ्याला वाटतं की पुरेल. चार जीबीत चूल पेटते, पंगत उठत नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही. आणि आता पट्टी टाकणंही पूर्वीसारखं स्वस्त राहिलेलं नाही. एआयच्या प्रचंड केंद्रांना मेमरी लागते म्हणून २०२५ च्या अखेरीपासून जगभर रॅमचे भाव चढले. राजूरच्या आमच्या डब्याचा आणि त्या केंद्रांचा बाजार शेवटी एकच.

त्याहून मोठी तक्रार सरकारी कामाच्या संकेतस्थळांची आहे. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा आला. दाखला ठरल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क झाला. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, शेतकरी ओळख क्रमांक, सगळ्याचं दार आता पडद्यातूनच उघडतं. मग ते दार किती रुंद आहे ते कोण बघणार? आमच्याकडून फोटो मागताना हुकूम सुटतो की पन्नास केबीच्या आत हवा, सही वीस केबीच्या आत हवी. आम्ही निमूट कापून-दाबून लहान करतो. पण अर्जाचं पान स्वतः किती केबीचं आहे? त्यावरची सरकती चित्रं, पळत्या पट्ट्या आणि मागे चालणारा पसारा कुणी कापला-दाबला? शिस्त फक्त अर्जदाराला का?

माझ्या मागण्या तीनच आहेत. कोणतंही सरकारी संकेतस्थळ खुलं करण्याआधी चार जीबीच्या, फिरत्या चकतीच्या जुन्या यंत्रावर चालवून पाहावं. मुंबईतल्या कचेरीत नाही, एखाद्या तालुक्याच्या गावी. दुसरी मागणी, अर्जाचं प्रत्येक पान भरलं की ते आपोआप जतन व्हावं, म्हणजे यंत्र मिटलं तरी मेहनत मिटणार नाही. तिसरी शाळेसाठी. कॉम्प्युटर शिकवणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात पोरांना टास्क मॅनेजर उघडून दाखवावा. सायकल शिकवताना ब्रेक आधी दाखवतो ना आपण?

कुणी म्हणेल, गुरुजी, एवढा खटाटोप कशाला? आता सगळं मोबाईलवर होतं. होतं खरं. मीही हरकत घेतली नसती. पण गेल्या महिन्यात नातीला मोबाईल घ्यायला आम्ही जालन्याला गेलो. विकणाऱ्या पोराने खोकं पुढे ठेवलं. म्हणाला, "आठ जीबी रॅम आहे, आजोबा." खोक्यावर तोच आठचा आकडा ठळक छापलेला. नातीने खोकं हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "यातली स्वतःची किती आणि उसनी किती?"

पोरगा गोंधळला. तिने बोटाने दाखवलं. आठच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, चार अधिक चार लिहिलेलं होतं. चार खरी, आणि उरलेली चार फोनच्याच साठवणीतून काढलेली, आमच्या पेजफाइलसारखी.

सोसायटीच्या वहीत माझ्या वडिलांचा कोरा कागद दिसायचा, बाकी शून्य. त्या शून्यामागची धावपळ वहीत कुठेच नसायची. खोक्यावरचा तो आठ मला त्याच जातीचा वाटला.

"चारच्या भावात देता का मग?" नातीने विचारलं. पोरगा मालकाला बोलवायला आत गेला.